उजव्या पायाचा कौल

पाटीवर एक टिंब राहून गेलं, त्यातून हे सगळं झालं.

आरोंद्याच्या जुन्या शाळेवरची कौलं उतरवून पत्रे घातले, तेव्हा गावच्या मंडळानं ती कौलं समीक्षाला देऊन टाकली. शाळेच्या एका खोलीत मुलांसाठी खेळघर करायचं होतं. समीक्षा बेंगळुरूत हेच काम करायची. हात लावला की उत्तर देणाऱ्या, अंग हलवलं की हलणाऱ्या वस्तू घडवायच्या. आता ती गावी, आईजवळ येऊन राहिली होती. मंडळानं विचारलं, ती हो म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच हो म्हणायची.

तिनं कौलांची भिंत केली. लाकडी चौकटीवर शाळेची कौलं ओळीनं टांगली, प्रत्येक कौलामागे बोटभर मोटर बसवली. मधल्या कौलावर तळहात ठेवला की भिंत जागी व्हायची. मासळीचे खवले उलटे चोळल्यावर उभे राहतात, तशी कौलं एकामागून एक उठायची आणि खळखळत परत मिटायची. भिंतीपुढे एक पाट होता. पाटाच्या पोटात वजनाचे काटे होते. उभा राहणारा ज्या पायावर जास्त रेललेला, त्या बाजूला कौलांची लाट जाई. उजवीकडे झुकलं की उजवीकडे, डावीकडे झुकलं की डावीकडे.

मुलं काही एका जागी उभी राहत नाहीत. ती पाटावर डुलायची, उड्या मारायची, एका पायावर नाचायची, आणि भिंत त्यांच्यासोबत डुलायची. फुगडीला जोडीदारीण मिळावी तशी.

पाटी समीक्षानंच रंगवली. ‘कौलं. हात लावा.’ एवढंच लिहायचं होतं. वरचं टिंब राहिलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

लक्षात आणून दिलं आनंदीनं. आनंदीकडे खेळघराची किल्ली असे. एका दुपारी समीक्षा एक अडकलेली मोटर बघायला गेली, तर मुलं केव्हाच घरी गेलेली, आणि दाराबाहेर बायका ओळीनं उभ्या. कुणाच्या डोक्यावर गवताचा भारा, कुणाच्या हातात बाजाराची पिशवी. चपला सगळ्यांनी बाहेर काढून ठेवलेल्या.

“ह्या काय चल्लाहा?” समीक्षानं विचारलं.

“कौल घेतत,” आनंदी म्हणाली. “तूच लिवलंस मां? कौल, हात लावा.”

“अगो, ती कौलां! शाळेची कौलां!”

“मगे टिंब खंय आसा?”

समीक्षानं पाटीकडे बघितलं. टिंब खरंच नव्हतं.

कौल म्हणजे देवाला विचारणं. गावच्या देवळात गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. मग माणसाचं गाऱ्हाणं मोठ्यानं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे समीक्षाला लहानपणापासून माहीत होतं. तरी आपण काय लिहून ठेवलं हे तिला दिसलं नव्हतं.

“पण देवूळ सोडून हयसर कित्याक?” तिनं विचारलं.

“देवळात गुरव बोंबलान सांगता,” आनंदीनं आवाज खाली आणला. “सुनेचा पोट, झिलाची दारू, सगळा अख्ख्या वाडीक आयकाक जाता. हयसर मनातल्या मनात इचारूचा. कोणाक कळणा नाय.”

“आणि ह्या खरा म्हणान कोणी सांगल्यान?”

“ह्याच कौलांखाली आमी सगळ्यांनी मास्तरांचो मार खाल्लेलो. ती आमच्याशी खोटा कशी बोलतली?”

ओळीतल्या बायका हसल्या. समीक्षानंही ओठ हलवले. हसण्याच्या जागी हसायचं, हे ती विसरली नव्हती.

मग तिनं आत बघितलं. पाटावर तिची आई उभी होती.

सत्यवती डोळे मिटून उभी होती. उजवा तळहात मधल्या कौलावर. डाव्या गुडघ्यात तिला वात. कितीतरी पावसाळे चिखलात वाकून लावणी केलेला तो गुडघा. त्यामुळे ती कुठंही उभी राहिली, चुलीपुढे, विहिरीवर, देवळात, तरी सगळा भार उजव्या पायावर. डावी टाच जमिनीला नुसती टेकलेली. आत्ताही तशीच टेकलेली होती.

कौलं जागी झाली. लाट उजवीकडे गेली आणि भिंतीच्या टोकाला जाऊन विरली.

सत्यवतीनं डोळे उघडले. मागे लेक उभी असलेली बघून ती दचकली नाही. पदर सारखा करत खाली उतरली आणि म्हणाली, “बघलंस? उजवो. तो येतलो.”

तो म्हणजे शंकर. समीक्षाचा बाप.

शंकर मालवाहू बोटीवर भंडारी होता, बोटीवरच्या माणसांचा स्वयंपाक करायचा. गेल्या शिमग्याच्या तोंडावर कंपनीच्या हपिसातून समीक्षाला फोन आला होता. तेव्हा ती बेंगळुरूत होती, टेबलावर एका खेळण्याचं पोट उघडून बसलेली. पलीकडचा माणूस शुद्ध मराठीत, जपून जपून बोलत होता. सकाळी तुमचे वडील बोटीवर आढळले नाहीत. शोध घेतला. समुद्र खवळलेला होता. शोध थांबवावा लागला. समीक्षा म्हणाली, “ठीक आहे. धन्यवाद.” आणि हातातला स्क्रू जागेवर बसवून पूर्ण पिळला. मग आईला फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं, आपल्या धन्यवादासकट.

त्या दिवसापासून ती तशीच होती. जेवायची, झोपायची, काम करायची. आपल्या आत कुणीतरी पंखा बंद करून गेलंय आणि हवा जागच्या जागी उभी आहे, असं तिला वाटायचं. तेसुद्धा फार वाटायचं असं नाही.

सत्यवतीचं वेगळं होतं. ती रडली, भांडली, देवीला शिव्या घातल्या. मग थांबली. पूर्वी तांदूळ निवडताना ती बोटीवरच्या नवऱ्यासाठी ओव्या बांधायची, आणि बांधता बांधता धाकट्या दिराला, गंगारामला, चिडवायची.

दर्यो माजो दीर, लाट माजी नणंद,
धाडा घोवाक घरा, दारात फुललो अनंत.

“दर्यो बरो,” ती म्हणायची, “सांगलेला आयकता तरी. ह्यो गंगाराम मेलो दीर आसान नसान सारखो.” गंगाराम ओट्यावरून ओरडायचा, “वैनी, माका आयकाक येता हां!” आता ती तांदूळ गप्प बसून निवडायची. कपाळावरचं कुंकू मात्र रोज, ठसठशीत.

गणपती गेले. पितृपंधरवडा तोंडावर आला. म्हणजे महाळ. घरातल्या गेलेल्यांची नावं घेऊन पानं वाढायची. वडे, खीर, काळ्या वाटाण्यांची आमटी. दरवर्षी आजोबांचं पान, पणजोबांचं पान. यंदा एक प्रश्न घरात पाय ओढत फिरत होता. शंकरचं पान काढायचं की नाही?

गंगाराम संध्याकाळी आला आणि ओट्यावर टेकला.

“वैनी, भट इचारतासा. दर्भाचो पुतळो करून आधी दादाचो विधी करूक व्हयो, मगे महाळ. तेका सांगूक व्हया.”

“सांग, नाय म्हणान,” सत्यवती सुपातून डोकं न काढता म्हणाली. “कौल उजवो दिल्यान. तो येतलो.”

“खंयचो कौल? त्या शाळेतल्या खेळण्याचो?”

“खेळणा तुका. तू तेच्यासमोर उभो तरी रवलंस काय?”

“माका नको. माका गुरव बरो.”

“गुरव तुझ्या वांगडा पत्ते खेळता. म्हणान तुका बरो.”

गंगाराम उठला. जाताना त्यानं समीक्षाला डोळ्यानं बाहेर बोलावलं. आवाराच्या चिऱ्यांच्या गडग्यापाशी तो थांबला. गडग्यावर शेवाळ चढलेलं, त्यावर तो नखानं उगाच ओरखडे काढत राहिला.

“समी, ती भिंत तू केलंस मां?”

“हो.”

“मगे तिका डावो कौल देवक सांग.”

आतून सुपाचा आवाज येत होता.

“आजो येतलो, पणजो येतलो,” गंगाराम म्हणाला, “पानार बसतले. आणि माजो दादा खंय बसतलो गो? दारात? लोकांक वाढून वाढून जलम गेलो तेचो. आणि तेचा पान वाढूक कोण नाय?” त्याचा आवाज फाटला. डोळ्यांतलं पाणी गालावरून सदऱ्यावर पडलं. सदऱ्यावर एक काळा ठिपका उमटला आणि हळूहळू पसरला. समीक्षा त्या ठिपक्याकडे बघत राहिली. सुती कापड लवकर पितं, एवढंच तिच्या मनात आलं.

“करते,” ती म्हणाली.

काम मोठं नव्हतं. सकाळी खेळघरात जाऊन तिनं लॅपटॉप जोडला. उजव्याचं डावं करायला एक उणे चिन्ह पुरलं. एक आडवी रेघ. टिंबाहून थोडी मोठी.

मग नीट चालतंय का बघायला ती पाटावर उभी राहिली आणि मधल्या कौलावर हात ठेवला.

काहीच झालं नाही.

तिनं हात काढला, पुन्हा ठेवला. कौलं मिटलेलीच. तिला वाटलं, वायर सुटली. खाली उतरून वायर बघितली, घट्ट होती. लॅपटॉपवर आकडे बघितले. हात लागल्याची नोंद होती. पाटावर माणूस उभा राहिल्याचीही होती. फक्त दोन्ही पायांखालचं वजन सारखं होतं. अगदी सारखं. भिंत वाट बघत होती, हा माणूस कुठे झुकतो त्याची.

आजवर तिनं चाचणी घेताना मुद्दाम झुकून घेतली होती. नुसती अशी कधी उभी राहिली नव्हती. असाही माणूस येईल हे तिनं धरलंच नव्हतं.

ती पुन्हा चढली आणि ठरवून उजवीकडे झुकली. लाट डावीकडे गेली. झालं. काम झालं. तिनं लॅपटॉप मिटला.

दुपारी सत्यवती आली. त्या दिवशी खाडीवर मासळी लागली होती, बायका तिकडे गेलेल्या, त्यामुळे ओळ नव्हती. आनंदी दाराशी बसून नारळाच्या झावळीचे हीर काढत होती. सत्यवतीनं चपला काढल्या, पायपुसण्यावर पाय पुसले, आणि पाटावर चढून हात ठेवला. भार उजव्या पायावर. डावी टाच टेकलेली.

तिचे ओठ हलले. रोजच्यापेक्षा जास्त वेळ हलले.

कौलं उठली. लाट डावीकडे गेली.

समीक्षा खिडकीपाशी उभी होती. आई आता रडेल, असं तिनं धरलं होतं. आपण पाण्याचा तांब्या द्यायचा, घरी न्यायचं, काकाला सांगायचं. तांब्या भरून ठेवलेलाही होता.

सत्यवती रडली नाही. ती खाली उतरली आणि पायरीवर येऊन बसली. गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला.

“नको म्हणता,” ती म्हणाली.

“काय नको म्हणता?”

“आज मी येगळा इचारलंय.” ती खाडीकडे बघत होती. “रोज इचारी, येतलो काय? रोज म्हणी, येतलो. येतलो, येतलो, आणि येणा तर नाय. काल राती तुझो काका गेलो, आणि माका घास गिळाक होयना. म्हटलंय, तुझो बापूस उपाशी तर नाय मां? म्हणान आज इचारलंय, तेचा पान काढू? सोडू तेका?” तिनं पदरानं तोंड पुसलं. तोंड कोरडंच होतं. “डावो दिल्यान. म्हणता नको काढू. बरा तर. नाय काढूचंय. कुंकूय रवांदे आणि वाटय रवांदे.”

ती उठायला लागली. भिंतीला हात देऊन, उजव्या पायावर, नेहमीसारखी.

मनातल्या मनात इचारूचा. आनंदीनं सांगितलं होतं ते समीक्षाला आठवलं. बदलून बदलून तिनं उत्तर बदललं होतं. प्रश्न आईचा होता, आणि तो रात्रीत बदलला होता.

गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसायला तिला काहीच करावं लागलं नसतं. आई अशीच वाट बघत राहिली असती. काका वर्षभर तोंड फिरवून बसला असता. पान निघालं नसतं.

“आये,” समीक्षा म्हणाली, “ता खोटा.”

“काय खोटा?”

“डावो कौल. सकाळी मी बदललंय. काकान सांगलेल्यान. तू येतलो काय म्हणान इचारतलंस, आणि तुका नाय म्हणान कळतला, म्हणान.”

आनंदीच्या हातातला हीर थांबला.

“आणि आधीचो?” सत्यवतीनं विचारलं. “रोजचो उजवो? तोय तूच दिलंस?”

“नाय. तो तुझ्या ढोपरान दिल्यान.”

तिनं समजावून सांगितलं. पाट, पाटाखालचे काटे, भार ज्या बाजूला त्या बाजूला लाट. डावा गुडघा दुखतो म्हणून भार उजवीकडे. तू काहीही विचारलं असतंस तरी उजवाच आला असता. ती हपिसात बोलावं तशी बोलत होती, एकामागून एक, आवाज वरखाली न होऊ देता. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, फोनवरचा तो माणूस असाच बोलत होता.

सत्यवती ऐकत राहिली. मग आपल्या डाव्या गुडघ्याकडे तिनं असं बघितलं, जसं घरात येऊन जेवून गेलेल्या लबाड पाहुण्याकडे बघावं.

“म्हणजे ह्या मेल्या ढोपरान माका इतके दीस घोव येतलो म्हणान सांगल्यान?”

आनंदीला हसू आवरलं नाही. तिनं तोंडावर पदर घेतला. सत्यवतीही हसली, एकदाच, नाकातून. मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, ओहोटीला खाडी उतरते तसा, तळचा चिखल दिसेपर्यंत.



“तुका काय म्हणता ता?” तिनं लेकीला विचारलं.

“माका काय नाय म्हणणा.”

“इचारलंस?”

“इचारूक नाय.”

“उभी रव.”

“आये, ती मशीन आसा. मीच—”

“गो, उभी रव सांगतंय मां.”

समीक्षा पाटावर चढली. कौलावर हात ठेवला. कौल थंड होतं की गरम, ते तिला सांगता आलं नसतं. भिंत मिटलेली राहिली. आनंदी मान वर करून बघत होती. सत्यवती बघत होती. एकही कौल उठलं नाही.

“मोडली काय?” आनंदी म्हणाली.

“नाय मोडूक,” समीक्षा म्हणाली. “भार सारखो आसा. दोनय पायांर.”

सत्यवती तिच्या पायांकडे बघत राहिली.

“फोनार त्या माणसाक धन्यवाद म्हणालंस,” ती म्हणाली, “तवापासून तू अशीच उभी आसंस. बापाशीक खंय ठेवलंस तू, समी? घरात नाय, दर्यात नाय.”

समीक्षाचा हात कौलावर तसाच राहिला.

सत्यवती पुढे आली. पाट एका माणसाचा होता. ती डावा गुडघा सांभाळत वर चढली, जागा पुरेना म्हणून लेकीच्या अंगाला अंग लावून उभी राहिली, आणि पहिल्यांदाच उजवा पाय सोडून सगळा भार डावीकडे, लेकीच्या खांद्यावर टाकला. आई हाडापेरानं हलकी होती, तरी समीक्षाला पाय हलवावा लागला. ती रेलली. आईला पडू न देण्यासाठी जेवढं रेलावं लागतं तेवढीच.

कौलं खळखळली.

दोघींपैकी कुणी भिंतीकडे बघितलं नाही. सत्यवती दाराबाहेर बघत होती, समीक्षा आईच्या कानामागच्या पांढऱ्या केसांकडे. लाट भिंतीच्या टोकापर्यंत गेलेली नुसती ऐकू आली. मग शांत झालं.

“उजवो काय गे?” सत्यवतीनं आनंदीला विचारलं.

आनंदी भिंतीकडे बघत होती. ती म्हणाली, “तुका कित्याक व्हयो आता?”

“ताय खरा.” सत्यवती लेकीला धरून खाली उतरली. चपला घातल्या. “चल गो. काळे वाटाणे काढूचे आसत.”

समीक्षा लॅपटॉप उघडून मागे राहिली. ती आडवी रेघ तिनं पुसून टाकली. बाहेर आली तर आनंदी पाटीपुढे उभी होती.

“टिंब देवया काय गो? रंग आसा.”

“रवांदे,” वाटेवरून सत्यवती म्हणाली, मागे वळून न बघता. “बायो इचारतत तर इचारांदेत. ज्येचे पाय तेका ठावक.”

घरी आल्यावर सत्यवतीनं डबा काढला आणि वाटाणे सुपात ओतले. समीक्षा बाजूला बसून खडे निवडू लागली. काळे वाटाणे, काळे खडे. डोळ्यांपेक्षा बोटांनाच ते आधी कळतात. गंगाराम येऊन ओट्यावर बसला होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं त्याच्या जिभेवर येत नव्हतं. सत्यवतीनं पातेल्यात पाणी घेतलं. मूठ भरून वाटाणे उचलले आणि ती थांबली. मूठ पाण्यावर तशीच राहिली.

“किती घालू?” तिनं विचारलं.

ओट्यावरचा गंगाराम आत बघू लागला.

समीक्षाच्या बोटांत एक खडा आला होता. तो तिनं सुपाबाहेर टाकला.

“बाबांचे धरून घाल,” ती म्हणाली.